नव्या परिचारिकेची उमेदवारी : पहिल्या वर्षातील आधार आणि मार्गदर्शन

परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण करून, राज्य परिषदेकडे नोंदणी करून एखादी मुलगी रुग्णालयात रुजू होते, तेव्हा तिच्या महाविद्यालयाच्या दृष्टीने एक काम संपलेले असते. निकालाच्या तक्त्यात ती उत्तीर्ण असते आणि नोकरी लागलेल्यांच्या यादीत तिचे नाव चढलेले असते. रुग्णालयाच्या दृष्टीनेही ड्यूटीच्या तक्त्यातील एक रिकामी जागा भरलेली असते. परंतु खुद्द त्या मुलीच्या शिक्षणाचा सर्वांत अवघड भाग त्याच दिवशी सुरू होतो आणि त्या भागाची जबाबदारी कोणाची, हे बहुतेक ठिकाणी कोणी ठरवलेले नसते. प्रस्तुत लेखात या पहिल्या वर्षाचा विचार केला आहे. (लेखात सर्वत्र 'परिचारिका' असा उल्लेख आहे. तथापि रुग्णालयांतून 'ब्रदर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुरुष परिचारकांनाही यातील जवळजवळ सर्व विवेचन लागू पडते.)

हा विषय केवळ रुग्णालयांचा नाही. परिचर्येकडे वळणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी घरात पगार आणणाऱ्या पहिल्याच मुली असतात. त्यांच्यासाठी वसतिगृहाची परवानगी, रात्रपाळीची परवानगी, परगावच्या नोकरीची परवानगी घरातून एकेक करून मिळवलेली असते. अशी मुलगी सहा महिन्यांत नोकरी सोडून घरी परतली की तो तिच्या एकटीचा प्रश्न राहत नाही. थोरलीचा अनुभव पाहून धाकटीच्या प्रवेशाचा निर्णय होतो आणि शेजारच्या घरातलाही होतो. म्हणून पहिल्या वर्षात नेमके काय घडते हे महाविद्यालयीन शिक्षकांनी समजून घेणे आवश्यक आहे.

मराठीत नवशिक्या कामगाराच्या या काळाला 'उमेदवारी' असा अर्थपूर्ण शब्द आहे. फारसी 'उम्मीदवार', म्हणजे आशा धरून असलेला, यावरून तो आला. निवडणुकीमुळे आज त्याचा अर्थ संकुचित झाला असला तरी सुताराकडे, छापखान्यात किंवा वकिलाच्या कचेरीत 'उमेदवारी करणे' हा प्रयोग जुन्या पिढीला परिचित आहे. या शब्दात एक करार गृहीत आहे. शिकणाऱ्याने आशा धरावी आणि शिकवणाऱ्याने त्याला जवळ उभे करावे. आजच्या रुग्णालयात आशा धरणारी मुलगी आहे, परंतु जवळ उभे करणारी व्यक्ती ठरलेली नाही. सगळी अडचण येथून सुरू होते.

धक्का कशाचा?

अमेरिकेतील संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली नव्या परिचारिका व्यवसाय का सोडतात या प्रश्नावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात 'रिअॅलिटी शॉक', म्हणजे वास्तवाचा धक्का, ही संज्ञा रूढ केली. पहिले काही आठवडे नवलाईचे जातात. गणवेश, ओळखपत्र, पहिला पगार यांचा आनंद असतो. त्यानंतर धक्क्याचा काळ येतो. तेव्हा प्रत्येक गोष्ट चुकीची वाटू लागते, राग येतो आणि थकवा जात नाही. पुढे हळूहळू सावरण्याचा आणि मार्ग काढण्याचा टप्पा येतो. काहींच्या बाबतीत तो येतच नाही. कॅनडातील ज्यूडी डक्शर यांनी २००९ मध्ये याच विचाराचा विस्तार करून 'संक्रमणाचा धक्का' अशी मांडणी केली. त्यांच्या मते पहिले तीन-चार महिने सर्वांत तीव्र असतात. त्या काळात मुलीची सारी शक्ती फक्त कामे उरकण्यात खर्च होते, विचार करायला ती उरतच नाही.

क्रेमर यांच्या विवेचनातील महत्त्वाचा भाग असा की हा धक्का प्रामुख्याने ज्ञानाच्या अभावाचा नसतो. महाविद्यालयात एक-दोन रुग्णांची संपूर्ण काळजी घेण्यास शिकवले जाते. त्याचे दुखणे, त्याचा आहार, त्याचे घर, त्याची भीती, सर्व काही. वॉर्डात मात्र आठच्या ठोक्याला इंजेक्शने झाली का, सलाईन बदलल्या का, कागद भरले का, एवढेच विचारले जाते. दोन्हीकडची मूल्ये खरी आहेत, पण ती वेगळी आहेत. यातून काही मुली शिकलेले सारे सोडून देतात आणि 'इथे असंच चालतं' म्हणू लागतात, तर काही नोकरीच सोडतात. क्रेमर यांना अपेक्षित होती ती तिसरी वाट. दोन्ही संस्कृतींत वावरता येणारी, कोठे कोणती रीत चालवायची आणि कोणती मुळीच सोडायची नाही हे जाणणारी परिचारिका त्यांना हवी होती. दोन-तीन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या वाचकांना ही गोष्ट फारशी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरा आधार पॅट्रिशिया बेनर यांचा. त्यांचा १९८४ सालचा ग्रंथ परिचर्येच्या विद्यार्थ्यांना नावाने तरी माहीत असतो. बुद्धिबळपटू आणि वैमानिक यांच्या कौशल्यविकासाचा अभ्यास करणाऱ्या स्टुअर्ट व ह्युबर्ट ड्रायफस या बंधूंची पाच पायऱ्यांची मांडणी बेनर यांनी परिचर्येला लावून पाहिली. नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ अशा त्या पाच पायऱ्या होत. परीक्षेत या पायऱ्या पाठ लिहून गुण मिळतात. परंतु त्यांतून निघणाऱ्या दोन गोष्टींकडे रुग्णालयांचे सहसा लक्ष जात नाही.

पहिली गोष्ट ही की सक्षम पायरीवर येण्यास एकाच प्रकारच्या रुग्णांबरोबर सुमारे दोन-तीन वर्षे लागतात आणि वॉर्ड बदलला की अनुभवी परिचारिकासुद्धा पुन्हा नवशिकी ठरू शकते. असे असता नव्या मुलीला 'सगळं शिकली पाहिजे' या सद्हेतूने, किंवा खरे तर जागा भरण्यासाठी, दर पंधरा दिवसांनी वेगळ्या वॉर्डात पाठवणे म्हणजे तिला कायम पहिल्या पायरीवर उभे ठेवणे होय. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. तज्ज्ञ परिचारिका नियम आठवून काम करीत नाही. रुग्णाकडे पाहताच तिला काहीतरी बिघडल्याचे जाणवते, पण कशावरून जाणवले हे तिला अनेकदा सांगता येत नाही. म्हणून वीस वर्षे अनुभव असलेली ज्येष्ठ सिस्टर ही सर्वांत चांगली शिक्षिका असेलच असे नाही. तीन-चार वर्षांपूर्वी स्वतः अडखळलेली, अजून पायऱ्या मोजून चढणारी परिचारिका नव्या मुलीला बहुधा अधिक उपयोगी पडते.

न विचारलेला प्रश्न

हे सारे कागदावरचे वाटू नये म्हणून एक अगदी साधे उदाहरण घेऊ. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली एक आणि १०० युनिट असलेली दुसरी. सिरिंजही त्यानुसार दोन प्रकारच्या असतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. समजा, एका मुलीने प्रशिक्षणकाळात केवळ ४० ची बाटली हाताळली आहे. नव्या रुग्णालयात रात्रपाळीला तिच्या हाती १०० ची बाटली येते आणि ट्रेमध्ये लाल टोपणाची सिरिंज असते. केस पेपरवर २० युनिट लिहिले आहे. तिने सवयीने २० च्या रेघेपर्यंत औषध भरले तर रुग्णाच्या शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. रुग्ण झोपलेला असतो. साखर उतरली तरी तो झोपलेलाच दिसतो. पहाटे घामाने भिजलेला, हाक मारून न उठणारा रुग्ण सापडतो. उलट गफलत झाली, म्हणजे ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज, तर २० ऐवजी ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही हे कोणाला कळत नाही.

आता त्या मुलीच्या मनात क्षणभर शंका आली असे धरू. बाटलीचा रंग वेगळा वाटतो. प्रश्न विचारायला अर्धे मिनिट पुरते. पण विचारायचे कोणाला? इन्चार्ज सिस्टर घरी गेल्या आहेत. दुसरी सिस्टर नव्या दाखल रुग्णात अडकली आहे आणि तिनेच काल सर्वांसमोर म्हटले होते, "एवढंही शिकवलं नाही का गं तुमच्या कॉलेजात?" डॉक्टरांना फोन करावा तर इन्सुलिनसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी झोपमोड केली म्हणून बोलणी खावी लागतील. मुलगी विचारत नाही.

या ठिकाणी ज्ञान कमी पडले असे म्हणणे सोपे आहे. पण ज्ञान शंकेपुरते होतेच, शंका घेऊन जाण्याची जागा नव्हती. नव्या परिचारिकेला आधार देणे म्हणजे तिचे मन सांभाळणे, असा एक गोड गैरसमज आहे. वस्तुतः आधार ही रुग्णाच्या सुरक्षिततेची व्यवस्था आहे. जिला न लाजता विचारता येते तिच्या हातून रुग्ण सुरक्षित राहतो.

सुई टोचण्याच्या बाबतीत हीच गोष्ट खुद्द परिचारिकेच्या जिवाशी येते. वापरलेली सुई बोटात घुसली तर जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी, ताबडतोब कळवावे, आणि एच.आय.व्ही.चा संभव असल्यास प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावे, असा नियम आहे. हे औषध २८ दिवस घ्यावे लागते. कावीळ-बी ची लस तीन मात्रांत, सहा महिन्यांत पूर्ण होते. ती रुजू होण्यापूर्वीच सुरू झालेली असणे उत्तम. नियम सर्वांना पाठ असतो. तरीही नवी मुलगी टोचल्याचे लपवते, कारण टोचणे म्हणजे निष्काळजीपणा आणि निष्काळजीपणा म्हणजे मेमो, असे तिने पाहिलेले असते. घरी कळले तर नोकरी सुटेल ही भीती वेगळीच.

परिचर्येच्या क्षेत्रात नवख्यांना वागवण्याची रीत हा उघड चर्चेचा विषय व्हायला बराच काळ लागला. १९८६ साली ज्यूडिथ माइसनर यांनी 'आपण आपलीच पिल्ले खातो आहोत का?' असा बोचरा सवाल एका लेखातून केला, तेव्हापासून तो वाक्प्रचार जगभर झाला. कठोर वागणाऱ्या ज्येष्ठ परिचारिका दुष्ट असतात असे समजण्याचे कारण नाही. त्यांनाही तसेच वागवले गेलेले असते. शिवाय त्या स्वतः अपुऱ्या मनुष्यबळात, डॉक्टर आणि नातेवाईक यांच्या मध्ये उभ्या असतात. सासुरवास सोसलेली सासूच सासुरवास करते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

मार्गदर्शक परिचारिका कशी असावी?

अनेक देशांनी हे काम योगायोगावर न सोडता त्याची व्यवस्था केली. अमेरिकेत २००२ पासून विद्यापीठीय रुग्णालयांनी पदवीधर परिचारिकांसाठी वर्षभराचा निवासी कार्यक्रम सुरू केला. स्कॉटलंडमध्ये २००६ पासून नव्या परिचारिकांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. इंग्लंडने २०२२ मध्ये राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. जपानने २००९ साली कायद्यात दुरुस्ती करून एप्रिल २०१० पासून नव्या परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी प्रयत्नशील राहणे हे रुग्णालयांचे कर्तव्य ठरवले. तपशील भिन्न आहेत, पण गाभा एकच. प्रत्येक नव्या परिचारिकेला नावानिशी नेमून दिलेली एक मार्गदर्शक परिचारिका असते. तिला इंग्रजीत 'प्रिसेप्टर' म्हणतात.

'नावानिशी' हा शब्द येथे महत्त्वाचा. 'काही अडलं तर कोणालाही विचार' हे वाक्य प्रेमळ असले तरी निरुपयोगी आहे. कोणालाही म्हणजे कोणालाच नाही. नेमलेल्या परिचारिकेची पाळी नवीन मुलीच्या पाळीशी जुळलेली हवी, निदान पहिले सहा-आठ आठवडे. दोघींच्या पाळ्या वेगळ्या असतील तर तक्त्यावर दोन नावे शेजारी दिसतात, प्रत्यक्षात भेट होते ती कपडे बदलण्याच्या खोलीत.

मार्गदर्शक परिचारिकेकडे स्वतःचे रुग्ण थोडे कमी असले पाहिजेत. येथेच बहुतेक योजना फसतात. दहा रुग्ण सांभाळणाऱ्या सिस्टरवर दहा रुग्ण तसेच ठेवून वर एक नवखी मुलगी दिली तर ती मुलगी तिला अकरावा रुग्ण वाटते. ज्या रुग्णालयाला हा वेळ द्यायचा नाही त्याने मार्गदर्शनाची योजना जाहीर न करणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

शिवाय मार्गदर्शन करणारी आणि कायम करण्याबाबत शेरा लिहिणारी व्यक्ती शक्यतो एक नसावी. जिच्या शेऱ्यावर नोकरी अवलंबून आहे तिच्यापुढे 'मला हे येत नाही' असे कोण म्हणेल? छोट्या रुग्णालयात हे वेगळेपण पाळणे अवघड आहे हे मान्य. तेथे निदान एवढे सांगता येते की पहिल्या तीन महिन्यांत विचारलेला कोणताही प्रश्न शेऱ्यात धरला जाणार नाही. मग ते पाळावे.

प्रत्यक्ष शिकवण्याची रीत जुनीच आहे. आधी दाखवावे, मग शेजारी उभे राहून करू द्यावे, मग हाकेच्या अंतरावर थांबावे आणि नंतर दूर व्हावे. चूक दिसल्यास रुग्णाला धोका असेल तर तत्क्षणी हात धरावा. नसेल तर बोलणे नंतर, बाजूला नेऊन. रुग्णासमोर झालेला अपमान नव्या परिचारिकेला पुढील अनेक दिवस त्या खाटेजवळ फिरकू देत नाही आणि रुग्णाचाही तिच्यावरचा विश्वास जातो. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे बसून या आठवड्यात काय जमले, कशाची भीती वाटली आणि पुढच्या आठवड्यात काय करून पाहायचे एवढे विचारले तरी पुष्कळ होते. पहिला मृत्यू पाहिल्यानंतर मात्र पंधरा मिनिटांचा हिशेब करू नये. त्या दिवशी तिला एकटीला वसतिगृहावर पाठवू नये.

भाषेचा प्रश्न

परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत जवळजवळ न आलेला, पण बेळगाव, गोवा, हैदराबाद अशा बहुभाषी प्रदेशांत रोज भेटणारा एक प्रश्न भाषेचा आहे. बेळगावच्या वॉर्डात एका पाळीत मराठी, कन्नड आणि दख्खनी उर्दू बोलणारे रुग्ण असतात. केस पेपर इंग्रजीत असतो. नव्या परिचारिकेला दिवसभर या चार भाषांत ये-जा करावी लागते, आणि रुग्ण दुखणे सांगतो ते पाठ्यपुस्तकातल्या शब्दांत नाही.

मराठी बाई म्हणते, "कसंतरी होतंय." दख्खनी बोलणारी म्हणते, "कैसाकी हो रा." उत्तर कर्नाटकातील कन्नड बाई म्हणते, "ओंथरा आगतैती." तिन्ही वाक्यांत लक्षण असे काहीच नाही. नवी परिचारिका 'रुग्णास अस्वस्थ वाटते' असे लिहून पुढच्या खाटेकडे जाते. परंतु मधुमेही रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, हृदयविकाराचा झटका छातीत तीव्र कळ न येता नुसत्या बेचैनीने, घामाने, मळमळीने येऊ शकतो. अनुभवी सिस्टर 'कसंतरी' हा शब्द ऐकताच हात धरते. घाम आहे का पाहते, नाडी मोजते, रक्तदाब घेते, साखर तपासते. हे ज्ञान कोणत्याही प्रकरणात लिहिलेले नाही, ते शेजारी उभे राहूनच मिळते. मात्र अशा बोलींतील दुखण्याच्या शब्दांचा एक छोटा संग्रह महाविद्यालयांना सहज करता येईल. जीव घाबरणे, पोटात कालवाकालव, अंगात कणकण, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांना मुंग्या, आणि प्रत्येकापुढे 'हे ऐकल्यावर काय तपासावे'. भाषेच्या आणि परिचर्येच्या शिक्षकांनी मिळून करण्याजोगे याहून उपयुक्त काम विरळा.

दुसरा प्रसंग डॉक्टरांना फोन करण्याचा. नवी परिचारिका फोनवर घाबरून म्हणते, "सर, बारा नंबरच्या बाईंना बरं वाटत नाहीये." पलीकडून प्रश्नांची सरबत्ती होते, उत्तरे हाताशी नसतात, फोन आपटला जातो. यावर उपाय म्हणून अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरील संदेशपद्धतीवरून घेतलेली चार टप्प्यांची रीत २००० नंतर रुग्णालयांत रूढ झाली. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. मराठीत ती अशी होईल : "सर, स्त्री मेडिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बारा नंबरच्या बाईंना दहा मिनिटांपासून घाम सुटलाय, बेचैन आहेत, रक्तदाब नव्वद-साठ, नाडी एकशे दहा. मधुमेह आहे, परवा तापासाठी दाखल झाल्यात. साखर एकशे अडुसष्ट आहे, म्हणजे ती उतरलेली नाही. हृदयाचं काही असावं असं वाटतं. आपण येऊन पाहावं. तोवर ईसीजी काढून ठेवू का?" अर्ध्या मिनिटात सर्व सांगून होते. यातील तिसरा टप्पा नव्या मुलींना सर्वांत जड जातो. डॉक्टरांसमोर आपला अंदाज बोलून दाखवणे हे त्यांना आगाऊपणाचे वाटते, कारण घरी आणि वर्गात त्यांना मोठ्यांपुढे मत न मांडण्याचीच सवय लावलेली असते. ती सवय वर्गातच मोडावी लागेल.

फोनवरचा तोंडी आदेश लिहून घेऊन वाचून दाखवावा, हाही नियम भाषेशी जोडलेला आहे. मराठीत आणि उर्दूत पंचेचाळीस म्हणताना पाच आधी येतात, चाळीस नंतर. कन्नडमध्ये 'नलवत्तैदु', म्हणजे चाळीस आधी, पाच नंतर. घाईत एका भाषेत ऐकून दुसऱ्या भाषेत लिहिताना ४५ चे ५४ होण्याचा संभव आहे. म्हणून आकडे सुटे सुटे, 'फोर, फाइव्ह' असे उच्चारून पडताळावेत. तसेच 'युनिट' हा शब्द संक्षेपाने, एका इंग्रजी अक्षराने, लिहू नये. ते अक्षर शून्यासारखे वाचले जाऊन दहाचे शंभर होतात.

पगार, करार आणि सुरक्षितता

मार्गदर्शनाच्या गोष्टी करताना पोटाचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे, ठरावीक काळाचा करार लिहून घेणे, तुटपुंजा पगार देणे या तक्रारी खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी वर्षानुवर्षे केल्या. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर दिलेल्या निर्देशानुसार केंद्राने समिती नेमली. ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात तो राज्य सरकारी परिचारिकेइतका असावा, अशी शिफारस समितीने केली. शिफारस आणि अंमलबजावणी यांत अंतर आहे. तरीही हे आकडे नोकरीला निघालेल्या प्रत्येक विद्यार्थिनीला माहीत असले पाहिजेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्या समितीत कोण आहे, हे नव्या मुलीला रुजू होण्याच्या दिवशीच कळावे. रात्री पाळी संपल्यावर घरी कसे जायचे, हेही.

महाविद्यालयाने काय करावे?

रुग्णालयाची व्यवस्था महाविद्यालयाच्या हातात नाही, ही सबब अर्धीच खरी आहे. ज्या रुग्णालयात आपल्या मुली पाठवायच्या तेथे मार्गदर्शक परिचारिका नेमतात का, पहिल्या महिन्यात एकटीला रात्रपाळी देतात का, एवढे दोन प्रश्न नोकरीच्या मुलाखतीपूर्वी विचारणे कोणत्याही प्राचार्यांना अशक्य नाही. अनेक महाविद्यालयांनी एकत्र विचारले तर रुग्णालये उत्तर देतात.

शेवटच्या सत्रात पालकांची एक बैठक घ्यावी. आई-वडिलांना रात्रपाळी म्हणजे काय, सणाच्या दिवशी ड्यूटी का लागते, पहिले तीन-चार महिने मुलगी चिडचिडी व गप्प का होते, हे शिक्षकांकडून आधी ऐकायला मिळाले तर 'सोड ती नोकरी' हे वाक्य घरातून इतक्या लवकर येत नाही. दोन-तीन वर्षे नोकरी केलेली माजी विद्यार्थिनी या बैठकीत असेल तर शिक्षकांना फार बोलावे लागत नाही.

रुजू झाल्यानंतरचा संपर्क मात्र नेमका हवा. वर्षातून एकदा होणारा माजी विद्यार्थी मेळावा या कामाचा नाही. धक्क्याचा काळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तीव्र असतो, म्हणून पहिला फोन दुसऱ्या महिन्याच्या शेवटी, दुसरा चौथ्या महिन्यात आणि तिसरा वर्ष भरताना असे ठरवून द्यावे आणि प्रत्येक शिक्षिकेकडे चार-पाच मुलींची नावे असावीत. 'कशी आहेस?' या प्रश्नाला 'बरी आहे' हेच उत्तर मिळते. 'तुझ्या पाळीला कोण असतं?', 'शेवटचा प्रश्न कोणाला विचारलास?', 'जेवायला किती वाजता मिळतं?' असे विचारले की खरे कळते. मुलीच्या परवानगीशिवाय शिक्षकांनी रुग्णालयात तक्रार करू नये. तिचे तेथील दिवस त्यामुळे आणखी कठीण होतात.

या फोनांची एक वही ठेवली तर महाविद्यालयालाही तिचा उपयोग आहे. वेगवेगळ्या रुग्णालयांतील तीन-चार मुलींनी एकाच प्रकारची अडचण सांगितली, उदाहरणार्थ १०० युनिटची इन्सुलिन बाटली आधी कधी हाती धरली नव्हती किंवा डॉक्टरांना फोन करायचा सराव नव्हता, तर पुढच्या तुकडीच्या प्रात्यक्षिकांत ती बाटली टेबलावर ठेवता येते आणि एक शिक्षक शेजारच्या खोलीतून रात्री दोन वाजताचे वैतागलेले डॉक्टर होऊन फोन उचलू शकतो.